गोड्या पाण्याची दहा मिनिटं

१

बाबाराव ठवकरांच्या घरात रोज दोन सकाळी व्हायच्या. पहिली साऱ्या सक्करदऱ्याबरोबर, दूधवाल्याच्या भोंग्यानं. दुसरी दुपारी एक वाजता, मागच्या खोलीत, टायमरची कळ खट्ट वाजून टाकीवरचा निळा दिवा लागला की. त्यांच्या मुलानं, रोशननंच, तसं लावून ठेवलं होतं. त्याची नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत, घरी पोचायला रात्रीचे नऊ. आल्यावर मासे झोपलेले असतील तर एवढा खटाटोप कशाला केला, म्हणून त्यानं माशांचा दिवसच पुढं ढकलून दिला. खिडकीला काळा कागद, वरून जाड पडदा. दुपारी एक ते रात्री अकरा माशांचा दिवस, आणि आपली सगळी सकाळ म्हणजे त्यांची रात्र.

रोशन ऑक्टोबरात गेला. डेंग्यू झाला आणि सहा दिवसांत सगळं आटोपलं. एकोणतीस वर्षांचा होता, लग्नाचं बघणं सुरू होतं. बाबारावांची तर बत्तीस वर्षं महापालिकेच्या हिवताप विभागात गेलेली. लोकांच्या कुलरमध्ये, ड्रममध्ये, गच्चीवरच्या टायरांमध्ये टॉर्च मारायचा, पांढऱ्या पळीनं पाणी उचलून त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या घरमालकाला दाखवायच्या, आणि वर चार शब्द सुनवायचे. अशा माणसाचा पोरगा डासानं न्यावा, याला काय म्हणायचं ते बाबारावांना सापडलं नव्हतं. पुढं पुढं त्यांनी ते शोधायचंही सोडून दिलं.

पोरगा गेला आणि चार फुटी टाकी मागं राहिली. खाऱ्या पाण्याची. समुद्र नागपूरपासून कुठल्या कुठं, पण रोशननं मीठ कालवून, यंत्रं लावून, चांगला समुद्र घरात आणून ठेवला होता. खडकांवर बटणांएवढी जांभळी-हिरवी कोरलं, नारिंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी, काच चाटत फिरणाऱ्या गोगलगाई, लाल-पांढरी कोळंबी. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला तरी आतलं पाणी सव्वीस अंशांवर ठेवणारं मशीन. आणि हे सगळं कसं सांभाळायचं ते लिहिलेली दोनशे पानी वही.

वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत होतं: ‘नवीन काहीही असो, मासा, कोरल, शंख, दगड, आधी चाळीस दिवस वेगळ्या डब्यात. थेट टाकीत काही जाणार नाही. आईनं सांगितलं तरी नाही.’

बाबारावांना हे वाक्य वाचून पहिल्यांदा हसू आलं होतं, आणि लगेच रडूही. पोरगा आपल्याच वळणावर गेला होता. कीड आत आल्यावर मारण्यापेक्षा ती दारातच अडवावी, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते एकट्या रोशननं.

वहीत त्यानं फोटोही चिकटवले होते. प्रत्येक खडकाचा फोटो, आणि आकार कळावा म्हणून शेजारी स्वतःचा उजवा अंगठा. त्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं. चौथीत असताना लोखंडी कपाटाच्या दारात सापडलं, ते पुढं तसंच दोन पाती होऊन वाढलं.

त्याची आई सुभद्राबाई पहिले तीन महिने नुसत्या ताटावर बसत आणि उठत. साखरेचा त्रास जुना, रोज इन्सुलिन घ्यायचं, आणि पोटात अन्न नाही. बाबारावांना वाटायचं, आता ही पण जाते. मग संक्रांतीच्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्यांनी मागच्या खोलीत स्टूल ओढलं, टाकीसमोर बसल्या आणि पहिल्यांदा अख्खी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्या टाकीशी हळू आवाजात बोलायला लागल्या, चेहऱ्यावर थोडं रक्त दिसायला लागलं. बाबारावांनी त्याच आठवड्यात मनाशी ठरवलं की काही झालं तरी ही टाकी मरू द्यायची नाही. टाकी जगली तर बायको जगेल, इतका सरळ हिशेब होता.

२

फेब्रुवारीत खडकांवर काचफुलं आली, फुलासारखी दिसणारी एक कीड. पारदर्शक, नखाएवढी, बघायला गोजिरवाणी. पण एकाची पन्नास होतात आणि कोरलांना डंख मारून मारतात. बाबारावांनी वही उघडली, सुभद्राबाईंची इन्सुलिनची कोरी सुई घेतली, त्यात लिंबाचा रस भरला आणि एकेका फुलाच्या तोंडात नेमका सोडला. आठ दिवसांत खडक साफ. कित्येक महिन्यांनी त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटलं. ते शीळ घालत हात धुवायला गेले, आणि शीळ घातल्याची लाज वाटून मध्येच थांबले.

मार्चमध्ये जे सुरू झालं त्यावर वहीत असा सोपा उपाय नव्हता.

आधी गोगलगाई संपल्या. शंख तेवढे राहिले, आतून चाटून पुसून स्वच्छ. मग कोळंबी गेली. मग जांभळ्या कोरलाचा एक अख्खा पट्टा एका रात्रीत, म्हणजे टाकीच्या रात्रीत, आपल्या सकाळी दहाच्या सुमाराला, खरवडल्यासारखा निघाला. दुपारी एकला दिवा लागला तेव्हा खाली पांढरा खडक उघडा पडलेला होता.

आणि आवाज यायला लागला. बाबाराव सकाळी पेपर वाचत बसले की मागच्या खोलीतून काचेवर नखानं वाजवावं तसा. टक टक. मग जरा थांबून, टक.

वहीत पान सत्तेचाळीसवर होतं: ‘टकटक ऐकू आली तर ठोसेवाली कोळंबी समजायची. खडकाच्या भोकात लपून येते. गोगलगाई फोडून खाते. बोट घालायचं नाही, अंगठा फोडते.’ बाबारावांचा जीव भांड्यात पडला. नाव सापडलं की अर्धं काम झालं, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा टाकला, आणि सापळा वाळूत पुरला.

सापळ्यात काही आलं नाही. तुकडा मात्र रोज जायचा.

पुढं पुढं आवाजाची वेळ ठरून गेली. सकाळी साडेआठ, म्हणजे पूर्वी रोशनच्या न्याहारीची वेळ. दोन ठोके, थोडं थांबून एक. लहानपणी भूक लागली की रोशन ताटावर स्टीलचा गिलास असाच आपटायचा. सुभद्राबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘आली रे बापा, आली!’ हे बाबारावांना आठवलं नाही असं नाही. त्यांनी आठवणीला आत येऊ दिलं नाही, एवढंच. कोळंबीला काय कळतंय दोन आणि एक.

तरी त्या दिवशी त्यांनी बायकोला विचारलं. बत्तीस वर्षं लोकांच्या दारात विचारलेला प्रश्न, जरासा बदलून.

“काय वं, टाकीत काही टाकलं काय तू?”

“नाई जी,” सुभद्राबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. “मी कायले टाकू?”

“नवीन काही? शंख, गोटा, काहीच नाही?”

“नाई म्हटलं ना. काहून विचारून राहिले?”

त्यांनी मान वर केली नाही. बाबारावांना अशी मान चांगली ओळखीची होती. गच्चीवर झाकून ठेवलेला ड्रम असला की बायका अशाच तांदूळ निवडायच्या. पण ती बाई आणि आपली बाई यांत फरक असतो असं त्यांना वाटत होतं. शिवाय त्यांचं लक्ष दुसरीकडं गेलं. सुभद्राबाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

“हे काय झालं?”

“किसणी लागली.”

३

बोट आठ दिवसांत काळं पडलं. साखरेच्या माणसाची जखम, ती काय सांगून वाढते? बाबाराव त्यांना धंतोलीच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. लिफ्टची वाट पाहताना त्यांच्या लक्षात आलं की रोशनला आणलं होतं तेव्हाही याच रस्त्यावर असंच उभं राहिलो होतो, दोन दवाखाने अलीकडं. त्यांनी लिफ्टची कळ पुन्हा पुन्हा दाबली. सुभद्राबाई मात्र शांत होत्या. मोबाइलवर वेळ बघत होत्या.

डॉक्टरीण तरुण होती, पण नजर पक्की. चिंधी सोडून तिनं बोट उजेडात धरलं, फिरवलं.

“किसणी नाही ही. हे चावलंय. बघा, अर्धगोल आहे. एकावर एक, बऱ्याच वेळा.” मग तिनं बाबारावांकडं पाहिलं. “घरात उंदीर आहेत का?”

“माझ्या घरात?” बाबाराव दुखावून म्हणाले. “मी हिवताप विभागातून रिटायर झालो, मॅडम. माझ्या घरात डाससुद्धा नाही.” आणि बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“अ‍ॅक्वेरियम आहे म्हणाल्या या मघाशी सिस्टरला. खाऱ्या पाण्याचं. त्या पाण्यातले जंतू वाईट असतात. शुगर तीनशे ऐंशी आहे. बोटाचं पहिलं पेर काढावं लागेल, आजच. आणि पुन्हा त्या पाण्यात हात गेला, पुन्हा जखम झाली, तर बोटावर थांबणार नाही. हात जाईल, किंवा त्याच्याही पुढं. स्पष्ट बोलते, राग मानू नका.”

पेर काढलं. घरी येताना ऑटोत सुभद्राबाईंनी बांधलेला हात मांडीवर ठेवला होता. बाबारावांना वाटलं त्या रडतील. त्या एकदाच बोलल्या.

“आज साडेआठले कोणीच नव्हतं जी घरी.”

“म्हणजे?”

“काही नाही.”

दार उघडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मागच्या खोलीतून आवाज येत होता, आणि तो कधीपासून येत असावा कोण जाणे. दोन आणि एक, दोन आणि एक, मध्ये अजिबात न थांबता. सुभद्राबाई चप्पल न काढता आत गेल्या. बाबाराव चप्पल काढून, नीट ठेवून, मग आत गेले. तेवढ्यात आवाज बंद झाला होता. सुभद्राबाई अंधारात स्टुलावर बसल्या होत्या. डाव्या बाहीचं टोक ओलं होतं.

नारिंगी पट्ट्यांची जोडी त्या दिवसापासून दिसली नाही.

४

बाबारावांनी ओमप्रकाशला बोलावलं. ज्याच्याकडून रोशन सगळा माल घ्यायचा तो हा दुकानदार. हिंदी-मराठीची खिचडी बोलणारा, मनानं चांगला. टाकीसमोर येऊन त्यानं काचेला नाक लावलं.

“अंकल, ये तो पूरी साफ हो गई. रोशनभाऊ असता तर रडला असता.” मग त्यानं वही मागितली, फोटोंची पानं उलटली आणि बोटानं टाकीतले खडक मोजायला लागला. दोनदा मोजले.

“अकरा पत्थर दिले मी त्याले. वहीतबी अकराच हायेत. इथं बारा हायेत.”

“नीट मोज.”

“मोजले ना जी. तो पहा, मागं, कोपऱ्यात. काला वाला.”

बाबारावांनी टॉर्च मारला. मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या आड, नारळाएवढा काळा दगड होता. बाकीचे खडक सच्छिद्र, पांढुरके, कोरलांचेच बनलेले. हा गुळगुळीत. मध्यभागी एक भोक होतं, अंगठा जाईल एवढं.

“हा समुद्राचा पत्थर नाही,” ओमप्रकाश म्हणाला. “ये अपने यहाँ का है. आपल्या नदी-नाल्यात असते ना, तसा काळा गोटा. कोन टाकला हा? आणि याले भोक कसं काय पडलं? हा तर फोडायले घनबी पुरत नाही.”

त्यानं बाही वर सारली, हात पाण्यात घातला, आणि दगडापासून वीतभर अंतरावर तो थांबला. हात काढून घेतला. पुसला. पुसतच राहिला.

“काय झालं?”

“कुछ नहीं.” त्यानं हसायचा प्रयत्न केला. “अंकल, असं करा. हातात रबरी मोजे घाला, हा पत्थर काढा, आणि साध्या पाण्याच्या बकेटीत टाका. मीठा पानी. बस दहा मिनट. खाऱ्या पाण्यातला कोणताच किडा गोड्या पाण्यात दहा मिनट जगत नाही. तडफडून बाहेर येते नाही तर आतच मरते. याच्यासारखा इलाज नाही.”

“मग तूच काढून दे ना आता.”

“मले जरा घाई हाय,” ओमप्रकाश म्हणाला. दुकानात दुपारी काळं कुत्रं फिरकत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. दारात चपला घालताना त्यानं हळूच विचारलं, “काकू रोज हात घालते का याच्यात?”

५

काळा गोटा. बाबाराव पलंगावर बसले आणि त्यांनी तो आठवून पाहिला. त्यांना तो लगेच आठवला नाही, कारण तेव्हा तो लिंबाएवढा होता.

घाटावर, खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो. जीवखडा. बापानं पोराचं मडकं धरलेलं, चालताना पाणी पाठीवर सांडत होतं. मग तो खडा फडक्यात बांधून घरी आणला, अंगणातल्या पेरूला टांगला. दहा दिवस जीव त्या खड्यात असतो म्हणतात. दहाव्याला खाप्याला गेले, कन्हानच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, आणि फडकं सोडून खडा पाण्यात सोडला. बाबारावांनी स्वतः सोडला. घाटावर फडक्याची गाठ त्यांनी मारली होती ती उजवी, आणि नदीत सोडताना ती डावी होती. हेही त्यांना आत्ताच आठवत होतं.

सुभद्राबाई मुगाची खिचडी ढवळत होत्या. एका हातानं.

“दहाव्याले मी काय सोडलं नदीत?” बाबारावांनी दारातूनच विचारलं.

चमचा थांबला नाही.

“अंगणातला गोटा,” त्या म्हणाल्या. “पेरूखालचा.”

“आणि तो?”

“पिठाच्या डब्यात ठेवला होता. रोज काढून पाहो. मग वाटलं, कोरडा ठेवून राहिली मी त्याले. पाण्यात सोडा लागते ना? पाण्यात सोडला तर लेकरू जाते म्हणतात. म्हटलं, पाण्यातबी राहीन अन् घरातबी राहीन.” आता त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते. “संक्रांतीले सोडला.”

“डब्यात चाळीस दिवस न ठेवता? वहीत काय लिहिलं त्यानं?”

हे आपण काय विचारतो आहोत, असं बाबारावांना बोलता बोलताच वाटलं. पण दुसरं काही विचारायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

“तुमाले ऐकू येते ना जी?” सुभद्राबाई म्हणाल्या. “खरं सांगा.”

“कोळंबी आहे ती.”

“हाव. कोळंबी.” त्यांनी गॅस बंद केला. “आधी भात टाको, तर खाल्ला नाही. गोगलगाई खाल्ल्या त्यानं, कोळंबी खाल्ली, मग तेबी संपलं. एक दिवस बोट लागलं. मुद्दाम नाही घातलं मी, लागलं. मग शांत झोपला तो, दोन दिवस. बापा, किती दिवसांनी शांत झोपला.”

बाबाराव भिंतीला टेकले. या बाईला वेड लागलं आहे, असं म्हटलं की सगळं सुटत होतं: बाई दुःखानं खुळावली आहे, दगडात समुद्री किडा शिरला आहे, ती त्याला बोट चारते आहे. यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. असला किडा असतो, वहीत आहे. भोकात राहतो, दोन हात लांब वाढतो, रात्री तोंड बाहेर काढतो. फक्त गोटा लिंबाचा नारळ कसा झाला, ते वहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांनी टॉर्चवर लाल कागद बांधला. लाल उजेड किड्यांना दिसत नाही, हेही रोशननंच लिहून ठेवलेलं. ते खोलीच्या दाराआड उभे राहिले. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत होता, शेजारचा कुलर घरघरत होता, चांगली उन्हं आली होती. आत काळाकुट्ट अंधार. आवाज सुरू झाला. दोन आणि एक. सुभद्राबाई आल्या, स्टुलावर बसल्या, पट्टी बांधलेला हात पदरात लपवला आणि डावा हात पाण्यात सोडला.

“आली रे बापा,” त्या म्हणाल्या. “आली.”

बाबारावांनी टॉर्चची कळ दाबली.

भोकातून काहीतरी बाहेर आलं होतं. फिकट, ओल्या मेणाच्या रंगाचं, जाडीला अंगठ्याएवढं. ते घाई करत नव्हतं. आधी काचेजवळ गेलं, काच चाचपली, टक टक, मग वळून सुभद्राबाईंच्या करंगळीकडं गेलं आणि करंगळीवरून अलगद फिरलं, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसं. त्याच्या टोकाला एक चपटी, कडक चकती होती. गोगलगाईच्या शंखाला झाकण असतं तशी. झाकणच असणार, बाबारावांनी स्वतःला सांगितलं. ती मधोमध उभी चिरलेली होती.

त्यांनी टॉर्च विझवला. अंधारात सुभद्राबाईंनी दातावर दात दाबून घेतलेला श्वास त्यांना ऐकू आला.

६

बाबारावांनी करंगळीची जखम धुऊन पट्टी बांधली. डॉक्टरणीचं वाक्य डोक्यात फिरत होतं: हात जाईल, किंवा त्याच्याही पुढं. त्यांनी बायकोला दुखण्याची गोळी दिली, तिच्याबरोबर झोपेची अर्धी. दहा वाजता त्या पुढच्या खोलीत झोपल्या.

मग बाबारावांनी खात्याचे जुने रबरी मोजे काढले. कोपरापर्यंतचे. बादलीत फिल्टरचं साधं पाणी भरलं, परात झाकायला घेतली, भिंतीवरचं घड्याळ उतरवून समोर ठेवलं. इतक्या वर्षांत अळ्यांवर तेल टाकताना त्यांचं मन एकदाही कचरलं नव्हतं. आताही कचरणार नव्हतं. बायको उरली होती, आणि तिला राखायचं होतं. एक गेला, दुसरं माणूस जाऊ द्यायचं नाही.

दगड अपेक्षेपेक्षा हलका लागला. पाण्याबाहेर काढला तेव्हा भोकातून पाणी गळत होतं, आणि आत काहीतरी मागं सरकल्याचं मोज्यातून बोटांना जाणवलं. त्यांनी तो बादलीत सोडला, परात झाकली, परातीवर हात दाबून पाटावर बसले. दहा वाजून बारा मिनिटं.

पहिल्या मिनिटाला काहीच झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला बादली हादरली. एकदा, मग पुन्हा, इतक्या जोरात की पाणी फरशीवर उसळलं. बाबारावांनी परातीवर गुडघा ठेवला. ते मोठ्यानं बोलायला लागले. “कीड आहे. कीड आहे ही. दुसरं काही नाही.” तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आतून घासल्यासारखा आवाज येत होता, बादलीच्या कडेनं गोल गोल. पाचव्याला तो थांबला.

सहाव्या मिनिटाला परातीच्या खालून ठोके आले. अगदी गुडघ्याखाली. दोन, मग थांबून एक.

बाबारावांनी डोळे घट्ट मिटले. दवाखान्यात सहाव्या दिवशी रोशनच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. ते काचेबाहेर उभे होते. त्यानं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोटानं वाजवलं होतं. दोन आणि एक. सिस्टर म्हणाली होती, भेटीची वेळ संपली काका, आता उद्या. आणि बाबाराव, नियम पाळणारा माणूस, जिना उतरून खाली गेले होते. हे त्यांनी सुभद्राबाईंना कधी सांगितलं नव्हतं.

सातव्या मिनिटाला दोन ठोके आले. एक आलाच नाही.

दारात सावली पडली. सुभद्राबाई उठून आल्या होत्या, केस सुटलेले, भिंतीला धरून. त्या ओरडल्या नाहीत, धावून आल्या नाहीत. बादलीकडं पाहिलं, परातीवरच्या गुडघ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. मग हळूच खाली बसल्या.

“किती झाले?” त्यांनी विचारलं.

“सात. तीन राहिले.”

“तुमीच करा जी,” त्या म्हणाल्या. “माझ्यानं नाही होत. तुमाले वाटते ना तसं करा. मी काही म्हणत नाही.”

आतून एक ठोका आला. अगदी हलका. भुकेचा वाटला नाही तो. दार बंद होताना आतलं माणूस शेवटचं वाजवतं, तसा वाटला.

बाबाराव उठले. मिठाचा डबा कपाटाखाली होता, रोशनच्या अक्षरात ‘समुद्र’ असं लिहिलेला. त्यांनी झाकण उघडलं, परात बाजूला केली, आणि मापबिप न बघता ओंजळी भरभरून मीठ बादलीत ओतलं. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. रबरी मोज्याच्या हातानं ढवळत राहिले. ते रडत होते आणि रडताना काहीतरी पुटपुटत होते. सुभद्राबाईंना ते नीट ऐकू आलं. “आलो रे बापा,” ते म्हणत होते. “आलो, आलो.”

दगड पुन्हा टाकीत गेला. या वेळी पंपाआडच्या कोपऱ्यात नाही, समोर, मध्यभागी. दुपारी एकला दिवा लागला तेव्हा टाकीत दुसरं काहीच जिवंत नव्हतं. पाणी निळं, स्वच्छ.

“उद्यापासून तू हात नको घालू वं,” बाबाराव म्हणाले. “डॉक्टरनं तुले सांगितलं, मले थोडीच सांगितलं. मले शुगरबी नाही. माझी जखम भरते.”

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांनी अंघोळ केली. बोटातली अंगठी काढून देवाजवळ ठेवली, उजव्या हाताची नखं नीट कापली, कारण नखं त्याला टोचली तर काय घ्या. साडेआठला ते मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. स्टुलावर बसून त्यांनी बाही कोपरापर्यंत दुमडली, हात पाण्यात सोडला, आणि अंगठा पुढं करून वाट पाहत बसले.